वैफल्य आणि सहृदयता

१ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर दोन्ही कर्णधार नाणेफेकीसाठीं बाहेर आले, तेव्हां मी माझ्या भाच्यासह वरच्या सज्जांत बसलों होतों. वास्तविक अशा ठिकाणीं जाऊन बसण्याचें माझें वय राहिलेलें नाहीं, आणि वीस षटकांच्या क्रिकेटविषयीं मला फारसें प्रेमही नाहीं. परंतु भाच्यानें दोन तिकिटें काढलेलीं, त्याचा मित्र ऐन वेळीं तापानें पडलेला, आणि विकत घेतलेलें तिकीट फुकट जाऊं नये हें आम्हां मध्यमवर्गीयांचें मूलभूत नीतितत्त्व. त्याला अनुसरून मी गेलों. मुंबई संघाचा नवा कर्णधार हार्दिक पांड्या याचें नांव ध्वनिक्षेपकावरून उच्चारलें गेलें मात्र, आणि चोहोंकडून त्याची प्रचंड हुर्यो उडाली. नाणेफेकीच्या वेळीं बोलणारे संजय मांजरेकर यांना, लोकांनीं नीट वागावें, असें जाहीरपणें सांगावें लागलें. आमच्या सज्जांत तरी त्या सांगण्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

मी उपजीविकेसाठीं तत्त्वज्ञान शिकवितों. नीतिशास्त्राच्या तासाला समूहाची मनोवृत्ति, व्यक्तीची जबाबदारी वगैरे विषयांवर बोलण्याचा मला पंचवीस वर्षांचा सराव आहे. तरीहि तिसऱ्या किंवा चौथ्या वेळीं तो आवाज माझ्याच घशांतून बाहेर पडला. भाच्यानें चकित होऊन माझ्याकडे पाहिलें आणि आनंदानें माझ्या पाठीवर थाप मारली. लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. मला त्यांत सुख झालें. छातीवरचा एखादा दगड हलावा तसें वाटलें. घरीं परत येतांना मी या सुखाचा विचार करूं लागलों. त्या सोमवारीं सकाळीं माझा एक साधा रजेचा अर्ज त्रुटी दाखवून तिसऱ्यांदां परत आला होता. दुपारीं लोकलच्या दारांत एका गृहस्थांची पिशवी माझ्या बरगडींत रुतून बसली होती. आणि एका जुन्या विद्यार्थ्यानें रस्त्यांत मला पाहून न पाहिल्यासारखें केलें होतें. यांपैकीं कशालाही हार्दिक पांड्या जबाबदार नव्हता.

ज्यासाठीं तो जबाबदार धरला जात होता, तें तरी त्याचें होतें काय? रोहित शर्मा यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या या संघानें २०१३ ते २०२० या अवधींत पांच वेळां अजिंक्यपद मिळविलें होतें. डिसेंबर २०२३ मध्यें संघाच्या चालकांनीं त्यांना दूर सारून, गुजरातकडून परत आणलेल्या पांड्याला कर्णधार केलें. मुंबईकरांना तें रुचलें नाहीं, आणि न रुचण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण निर्णय घेणारे लोक लाखांच्या समुदायापुढें उभे रहात नाहींत. मैदानाच्या मध्यभागीं, दिव्यांच्या झोतांत, हाताशीं सांपडण्यासारखा असा एकच माणूस होता, आणि लोकांनीं त्याला धरला. त्या रात्रीं मुंबईचे तीन फलंदाज शून्यावर परतले; संघाच्या एकंदर १२५ धावांपैकीं ३४ या हुर्यो उडविलेल्या माणसानें काढल्या; सामना राजस्थाननें सहा गडी राखून जिंकला. मुंबईचा तो सलग तिसरा पराभव होता.

क्रिकेटचें इतकें पुराण लावण्याचें कारण असें कीं, त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मागें लागला आहे. आपलें वैफल्य दुसऱ्यावर ओतण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे? आणि ज्याच्यावर तें ओतावयाचें, त्याच्या मनांत क्षणभर शिरून पहाण्याचें बंधन आपल्यावर आहे काय? प्रश्न लहान दिसतो. परंतु दिवसांतून दहा वेळां, दुधाच्या केंद्रापासून रात्रीच्या रिक्षापर्यंत, तो आपल्यापुढें येऊन उभा रहातो आणि आपण त्याचें उत्तर विचार न करतांच देऊन मोकळे होतों.

वैफल्य आणि निराशा हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों, तें बरोबर नाहीं. निराश मनुष्य बसून रहातो; विफल झालेला मनुष्य बसत नाहीं. हात पुढें केलेला असतो, फळ दिसत असतें, आणि मध्येंच कोणीतरी आडवें येतें. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंत जी उतरंड सांगितली आहे, तींत कामापासून क्रोध उत्पन्न होतो असें म्हटलें आहे. शंकराचार्यांनीं त्यावर भाष्य करतांना एक लहानशी भर घातली आहे: काम कशानें तरी अडविला गेला म्हणजे त्याचा क्रोध होतो. सबंध मानसशास्त्र त्या भरींत आहे असें म्हणण्याचा मला मोह होतो. पुढें हजारांहून अधिक वर्षांनीं, १९३९ सालीं, येल विद्यापीठांतील जॉन डोलार्ड आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनीं वैफल्य व आक्रमकता यांवर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. आक्रमणाच्या मागें नेहमीं वैफल्य असतें आणि वैफल्याच्या पोटीं नेहमीं आक्रमण येतें, असा त्यांचा मूळ सिद्धान्त होता. दुसरा भाग फार ताणलेला होता व तो त्यांना लवकरच सैल करावा लागला. परंतु त्यांनीं सांगितलेली एक गोष्ट टिकली. अडविणारा बलवान असला, दूर असला किंवा दिसतच नसला, म्हणजे तो राग जवळच्या आणि दुबळ्या माणसाकडे वळतो. साहेबाचें बोलणें खाल्लेला कारकून घरीं येऊन मुलाला मारतो, हें आपल्या आज्यांना येलला न जातां ठाऊक होतें. वड्याचें तेल वांग्यावर, असें त्या म्हणत.

१९५२ सालीं निकोलस पास्तोर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें या सिद्धान्ताला एक मार्मिक दुरुस्ती सुचविली. त्यानें लोकांपुढें कांहीं काल्पनिक प्रसंग मांडले. तुम्ही थांब्यावर बसची वाट पहात उभे आहां आणि चालकानें मुद्दाम न थांबतां बस पुढें नेली. दुसऱ्या प्रसंगांत बस तशीच पुढें गेली, पण ती डेपोंत परत चालली होती. दोन्ही प्रसंगीं तुमचा खोळंबा सारखाच. राग मात्र सारखा येत नाहीं. पहिल्या प्रसंगीं संतापणारे लोक दुसऱ्या प्रसंगीं पुष्कळच शांत रहातात. याचा अर्थ असा कीं, मनुष्य अडथळ्यावर जितका रागावतो त्याहून अधिक त्या अडथळ्याच्या कारणावर, किंबहुना कारण नसण्यावर, रागावतो.

याचें एक उत्तम उदाहरण १९९९ सालीं तीन आठवड्यांच्या अंतरानें आपल्याच देशांत पहावयास मिळालें. ३१ जानेवारी रोजीं चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानविरुद्ध भारताला २७१ धावा हव्या होत्या. पाठींत कळा येत असतांना सचिन तेंडुलकर यांनीं १३६ धावा काढल्या, आणि विजय सतरा धावांवर आला असतां ते बाद झाले. उरलेले तीन गडी अवघ्या चार धावांत गेले. भारत बारा धावांनीं हरला. याहून मोठें वैफल्य कल्पिणें कठीण. तरी चेपॉकचा सर्व समुदाय क्षणभर सुन्न होऊन मग उभा राहिला, आणि त्यानें पाकिस्तानच्या खेळाडूंचें टाळ्यांच्या गजरांत अभिनंदन केलें. त्या खेळाडूंनीं मैदानाला प्रदक्षिणा घातली. पुढें फेब्रुवारींत कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर त्याच दोन संघांचा सामना झाला. धांवतां धांवतां तेंडुलकर शोएब अख्तरवर आदळले आणि धावबाद ठरले. प्रेक्षक खवळले, मैदानावर वस्तूंचा वर्षाव झाला, स्वतः तेंडुलकरांना फिरून लोकांची समजूत घालावी लागली. शेवटच्या दिवशीं पुन्हां दंगा झाल्यावर पोलिसांनीं हजारों प्रेक्षकांना बाहेर काढलें आणि सामना रिकाम्या मैदानावर संपविला.

चेन्नईचे लोक सुसंस्कृत आणि कलकत्त्याचे तसे नव्हेत, असा निष्कर्ष त्या वेळीं पुष्कळांनीं काढला. मला तो पटत नाहीं. चेन्नईंत जें घडलें त्यांत कोणाचाहि अन्याय दिसत नव्हता. चांगल्या गोलंदाजीनें चांगल्या फलंदाजीवर मात केली होती. कलकत्त्यांत लोकांना वाटलें कीं, आपला माणूस अडविला गेला. तें खरें होतें कीं नव्हतें, हा प्रश्न अगदीं वेगळा आहे. आडवा आलेला माणूस हेतुपुरस्सर आला कीं चेंडूकडे पहात असतां तेथें सांपडला, हें सज्जांतून दिसत नाहीं. कारण कोणाच्या कपाळावर लिहिलेलें नसतें. तें आपण लिहितों, आणि रागाच्या भरांत आपलें अक्षर बहुधा वाईट येतें.

येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

माझे वडील गेल्यापासून आईला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतें, आणि त्यासाठीं दर नोव्हेंबरांत आपण हयात असल्याचा दाखला तिला द्यावा लागतो. २०१८ सालीं मी तिला घेऊन एका बँकेंत गेलों. तिचें वय तेव्हां एकूणऐंशी होतें. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्रावर तिनें अंगठा ठेवला. यंत्रानें तो ओळखला नाहीं. साठ वर्षें भांडीं घांसलेल्या आणि भाकऱ्या थापलेल्या त्या अंगठ्यावर रेषा म्हणून कांहीं उरलेंच नव्हतें. खिडकीपलीकडे पंचविशींतील एक मुलगी होती. तिनें ओल्या फडक्यानें आईचा अंगठा पुसला, दुसरें बोट ठेवून पाहिलें, पुन्हां अंगठा ठेवला. सहा-सात वेळां तिनें प्रयत्न केला. शेवटीं ती म्हणाली, “सोमवारी या. साहेब असतील, तेच काय ते सांगतील.” आम्हीं दोन तास रांगेंत काढले होते. यंत्राच्या लेखीं माझी आई अस्तित्वांत नव्हती, आणि ती अस्तित्वांत नाहीं हें ऐकण्यासाठीं तिला सोमवारीं पुन्हां आणावयाचें होतें.

मी इंग्रजींत बोलूं लागलों. आमच्या पिढींतील पदवीधरांना ही एक वाईट खोड आहे. राग आला कीं मराठी अपुरी पडते असें त्यांस वाटतें. खरें पाहतां रागाला मराठी मुळींच अपुरी नाहीं. इंग्रजीचा उपयोग रागापेक्षां समोरच्याला त्याची पायरी दाखविण्याकडे अधिक होतो, आणि मीं तो तसाच केला. ती मुलगी गप्प झाली. तिनें मान खालीं घातली आणि मागच्या माणसाचा कागद ओढून घेतला. रांगेंतील दोन-तीन लोकांनीं माझ्याकडे समाधानानें पाहिलें; त्यांचेंहि काम मीं केलें होतें.

रिक्षांत आई बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “तिचा डबा तसाच होता रे.”

“कोणाचा?”

“त्या मुलीचा. खुर्चीखाली. तीन वाजून गेले होते. माझा अंगठा उठत नाही, त्याला ती काय करणार?”

मी खजील झालों हें सांगावयास नकोच. दोन तास मी त्या खिडकीसमोर उभा होतों; डबा मला दिसला नव्हता. आईची नजर माझ्याहून अधू, पण तिला तो दिसला. सहृदयता म्हणजे कांहीं गूढ परकायाप्रवेश आहे असें मी वर्गांत सांगत आलों. ती पुष्कळदां खुर्चीखालीं काय आहे हें दिसण्याइतकी साधी असते. परंतु येथेंच ही गोष्ट संपविली असती तर ती शाळेच्या वाचनमालेंत शोभली असती. थोड्या दिवसांनीं मला आईच्या त्याच वाक्याचा राग आला. ती जन्मभर हेंच करीत आली आहे. वडिलांचा तापट स्वभाव तिनें समजून घेतला, सासूचें सोंवळें समजून घेतलें, वाण्याची उधारी, भाडेकरूंची अडचण, सुनेची नोकरी, सर्व समजून घेतलें. तिला कोणीं समजून घेतलें याची यादी केली तर ती फार लांबणार नाहीं.

समजून घेण्याचें काम आपल्या समाजांत वांटून दिलेलें आहे, आणि ती वांटणी न्यायाची नाहीं. तें बायकांकडे येतें, नोकरांकडे येतें, कनिष्ठांकडे येतें, रांगेच्या शेवटीं उभा असलेल्याकडे येतें. वरच्या खुर्चींत बसलेल्याला दुसऱ्याच्या मनांत शिरण्याची गरजच पडत नाहीं. त्याचें मन काय म्हणतें याचा अदमास घेण्यांत मात्र खालच्यांचे दिवस जातात. ‘कृपया सहकार्य करा’ ही पाटी बहुधा अशाच ठिकाणीं असते जेथें सहकार्य एकाच बाजूनें व्हावयाचें असतें. स्थानकावर गाडी उशिरा येत असल्याचा खेद दिवसांतून कित्येकदां ध्वनिक्षेपकावरून व्यक्त होतो; खेद करणारा कोण, हें कधीं कोणास कळलेलें नाहीं. अशा स्थितींत जो कोणी उठतो आणि पिडलेल्यांनाच सहृदयतेचा उपदेश करतो, तो नकळत पीडणाऱ्यांची चाकरी करीत असतो. वैफल्य ही शरमेची गोष्ट नाहीं. जें मिळावयास पाहिजे होतें तें मिळालें नाहीं, ही साधी बातमी तें देतें, आणि पुष्कळदां ती बातमी खरी असते.

मग मीं त्या मुलीवर तोंड टाकलें यांत चुकलें काय? बराच काळ मी याचें उत्तर तिच्या बाजूनें शोधीत होतों: ती लहान, ती उपाशी, ती हुकुमाची ताबेदार. हें सर्व खरेंच आहे. परंतु खरी चूक दुसरीकडे होती असें आतां मला वाटतें. मीं तिला जें ऐकविलें तें गाऱ्हाणें नव्हतें. गाऱ्हाण्याला उत्तर हवें असतें. म्हणून तें ज्याच्यापाशीं उत्तर असेल त्याच्याकडे जातें, तेथें पोंचेपर्यंत धीर धरतें, कागद करतें, तारीख घालतें. मला उत्तर नको होतें. मला मोकळें व्हावयाचें होतें. बँकेच्या वरिष्ठांना पत्र लिहिण्याचें मीं त्याच रात्रीं ठरविलें, आणि तें मीं आजतागायत लिहिलें नाहीं. लिहिण्याची निकड उरलीच नव्हती. सगळा राग खिडकीशींच खर्च झाला होता. त्या सोमवारीं साहेबांनीं एका कागदावर सही घेऊन आमचें काम पांच मिनिटांत केलें, आणि मी त्यांचे आभार मानून, इंग्रजींतच, घरीं आलों. आमच्या मागें रांगेंत आणखी किती झिजलेले अंगठे होते याची चौकशी मीं केली नाहीं. पुढें २०२१ सालीं चेहरा पाहून ओळख पटविण्याची सोय सरकारनें केली, तेव्हां उघड झालें कीं, दोष त्या मुलीचा नव्हता आणि माझ्या आईच्या हातांचाही नव्हता.

आतां सहृदयतेकडे वळतों. इंग्रजींतील ‘एम्पथी’ हा शब्द आपण समजतों तितका जुना नाहीं. जर्मनांच्या सौंदर्यशास्त्रांतील एका शब्दासाठीं टिचनर यानें तो १९०९ सालीं घडविला. मूळ शब्द चित्रें, शिल्पें, इमारती यांच्या आस्वादाचा होता. माणसांकडे तो मागाहून वळला. आपल्याकडे ‘सहृदय’ या शब्दाचेंहि असेंच आहे. अभिनवगुप्तासारख्या आलंकारिकांचा सहृदय हा आधीं काव्याचा रसिक आहे. न. चिं. केळकरांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ ची उपपत्ति मांडली, तींतही हाच वाचक आहे: स्वतःचें भान न सोडतां तो दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो आणि त्यांतच त्याला आनंद होतो. या कल्पनेवर आमच्या मागच्या पिढ्यांनीं पुष्कळ शाई खर्च केली. मला तिच्यांत एक अडचण दिसते. नाट्यगृहांत दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरणें सोपें असतें, कारण तेथें आपलें कांहीं अडलेलें नसतें. रंगभूमीवरील दुःखी मनुष्य आपल्या रांगेंत पुढें उभा नसतो. त्याच्यासाठीं डोळे पुसून बाहेर पडलेला प्रेक्षक रिक्षावाल्याशीं दहा रुपयांसाठीं हमरीतुमरीवर येतो, आणि यांत त्याला कांहीं विसंगत वाटत नाहीं.

क्रीडांगण हें या दोहोंच्या मधलें ठिकाण आहे. खेळाडू आपणांस पात्रासारखा दिसतो, पण तो पात्र नसतो. सामना संपल्यावर त्याला रंग पुसून दुसरा कोणी होतां येत नाहीं. त्याला कोट्यवधि रुपये मिळतात, तर चार शिव्या खाव्यात, असें भाचा म्हणतो. हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. खेळावर टीका व्हावी, वाईट नेतृत्वाला वाईट म्हणावें. तिकिटाचे पैसे देणाऱ्याला तेवढा हक्क आहेच. परंतु ज्या माणसानें अजून एकही चेंडू टाकलेला नाहीं त्याची नाणेफेकीलाच हुर्यो उडविणें ही कोणत्या खेळावरची टीका?

आणि टाळ्यांचें तरी काय? टाळी ही हुर्योची शत्रु आहे असें आपण धरून चालतों. पालवणकर बाळू यांची हकीकत वाचल्यापासून माझा तो भ्रम गेला. चांभार जातींत जन्मलेले हे असामान्य डावखुरे गोलंदाज पुण्यास युरोपियनांच्या जिमखान्यावर गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करतां करतां तयार झाले. गोऱ्यांना हरवावयाचें म्हणून हिंदूंनीं त्यांना आपल्या संघांत घेतलें. मैदानावर त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं झेलावयाचा. चहाच्या वेळीं मात्र ते पॅव्हिलियनच्या बाहेर, फेंकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांत चहा घेत. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांना मिळालें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांना १९२३ सालीं मिळालें, आणि त्यासाठीं या भावांना आधीं संघाबाहेर पडून निषेध करावा लागला होता.

बाळूंच्या प्रत्येक बळीला हजारों हात टाळ्या वाजवीत असतील. त्या हातांपैकीं कित्येकांनीं त्यांच्या हातचें पाणी घेतलें नसतें. त्या टाळ्या खोट्या होत्या असें मी म्हणत नाहीं. त्या क्षणीं सज्जांतील माणूस खरोखरच बाळूंच्या जागीं होता, त्यांच्या मनगटांत होता. केळकरांची समाधी त्याला लागली होती. फक्त ती चहाच्या वेळेपर्यंतच टिकली. पॉल ब्लूम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें २०१६ सालीं सहानुभूतीच्या विरुद्ध एक सबंध पुस्तक लिहिलें. ती दिव्याच्या झोतासारखी असते, जेथें पडते तेवढेंच उजळते, बाकीचें अधिकच काळें होतें, असा त्याचा मुख्य आक्षेप आहे. पुस्तक मला एकांगी वाटतें. पण त्या मातीच्या भांड्यापुढें त्याला खोडून काढणें मला जमलेलें नाहीं.

तरीहि एक उदाहरण दुसऱ्या बाजूला ठेवावेंसें वाटतें. ९ जून २०१९ रोजीं लंडनच्या ओव्हल मैदानावर भारतीय प्रेक्षकांनीं सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या स्टीव्ह स्मिथची हुर्यो उडविली. आदल्या वर्षीं केप टाउनला चेंडूशीं केलेल्या लबाडीबद्दल तो वर्षभराची शिक्षा भोगून आला होता. विराट कोहली त्या वेळीं फलंदाजी करीत होता. तो प्रेक्षकांकडे वळला आणि, हें काय करतां, टाळ्या वाजवा, अशी त्यानें खूण केली. पुढें ११ एप्रिल २०२४ ला, आमच्या त्या प्रसंगानंतर दहाच दिवसांनीं, वानखेडेवर प्रतिपक्षाकडून खेळत असतां त्यानें पांड्यासाठींहि तेंच केलें. कोहली कांहीं संत नव्हे. २०१२ सालीं सिडनीच्या प्रेक्षकांना त्यानें बोटानें जी खूण केली होती ती येथें वर्णन करण्यासारखी नाहीं, आणि तिच्यासाठीं त्याला दंडही झाला होता. मला वाटतें, म्हणूनच त्याला हें सुचलें. चिथावलेल्या माणसाच्या हातून काय घडतें हें त्याला ग्रंथ वाचून शिकावें लागलें नव्हतें. शिवाय त्याचा स्वतःचा कांहीं तोटा होण्यासारखा होता. ज्यांच्या टाळ्यांवर तो जगत होता, त्यांनाच तो टोकत होता. खिडकीपाशीं त्या दिवशीं रांगेंतील कोणी एकानें माझ्या खांद्यावर हात ठेवला असता तर? ठेवला असता तर मी बहुधा त्याच्यावरहि इंग्रजी झाडली असती. पण तो हात मला आठवत राहिला असता.

२९ जून २०२४ ला ब्रिजटाउन येथें जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्याचें शेवटचें षटक पांड्याच्या वांट्याला आलें. दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या. पहिल्याच चेंडूवर मिलर बाद झाला, आणि भारत सात धावांनीं जिंकला. पांड्या मैदानावरच रडला, आणि गेल्या सहा महिन्यांत आपण एक शब्दहि बोललों नाहीं असें त्यानें नंतर सांगितलें. ४ जुलैला विजयी संघ मुंबईंत आला. मरीन ड्राइव्हवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्या वानखेडेवर एप्रिलांत हुर्यो उडाली त्याच वानखेडेवर त्याच्या नांवाचा जयघोष झाला.

भाचा त्या गर्दींत होता. रात्रीं उशिरा तो आमच्याकडे आला. पायांत एकच चप्पल, घसा बसलेला, चेहरा फुललेला. आईनें त्याला पिठलें-भात वाढला. मीं त्याला एप्रिलची आठवण दिली.

“मामा, तेव्हा आपण हरत होतो,” तो म्हणाला.

“आणि तो?”

त्यानें घांस हातांत तसाच धरला. “तो काय?” असें त्यानें विचारलें. माझी चेष्टा करण्यासाठीं नव्हे. त्याला प्रश्नच कळला नव्हता. आईनें त्याच्या ताटांत आणखी भात वाढला आणि दुसरी चप्पल कोठें पडली असेल याची ती चौकशी करूं लागली.